खोलीचा फोटो आणि खोली : चार मुक्काम, एक हिशेब

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा. पण ज्यांच्या घरात कुणाचं मुंबईला दवाखान्याचं काम चालू आहे आणि ज्यांचं लेकरू परीक्षेसाठी परगावी जाणार आहे, त्यांनी मात्र आजच वाचा.

गेल्या वर्षभरात काकूला घेऊन परळला चार खेपा झाल्या. आजार कोणता, ते सांगायची गरज नाही. लातूरहून परळला माणूस कशासाठी जातो, हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं. उपचार नीट चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती रात्री टेकायच्या जागेबद्दल. आणि खरं सांगायचं तर नुसती तक्रारही नाही, कारण या चार मुक्कामांत मला वाईट माणसं भेटली तशी देवमाणसंही भेटली.

पहिली खेप. पोरानं मोबाईलवर ॲपवरून खोली बुक करून दिली. अकराशे रुपये, एसी, फोटोत पांढरीशुभ्र चादर आणि उशीवर गुलाबाचं फूल. आपली रेल्वे रात्री लातूर सोडते आणि सकाळी दादरला टेकवते. आम्ही उतरलो, टॅक्सीनं तिथं गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ॲपवालं बुकिंग आम्ही घेत नाही. त्यांचं आमचं बंद झालंय." मी मोबाईल दाखवला, कन्फर्म लिहिलेलं दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही कस्टमर केअरला बोला. नाहीतर खोली आहे, अठराशे पडतील."

कस्टमर केअरला अर्धा तास गाणं वाजत होतं. काकू बाहेरच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी अठराशे दिले. दवाखान्यात दहाला नंबर होता, भांडायला वेळ कुणाकडं होता? आणि हेच त्या धंद्याचं गणित आहे. समोरच्याला वेळ नाही, हे काउंटरवाल्याला पिशवीतल्या फाईलवरून कळतं.

वर गेलो तर फोटोतली खोली आणि ही खोली यांचा दूरचाही संबंध नव्हता. एसी होता, रिमोट नव्हता. रिमोट मागितला तर दोनशे डिपॉझिट.

दुसरी खेप. यावेळी ॲपच्या नादी लागलो नाही. गावातल्या एकानं दादर पूर्वेचा एक जुना लॉज सांगितला. लाकडी जिना, संडास-बाथरूम बाहेर कॉमन, भिंतीला निळा ऑइलपेंट, नऊशे रुपये. फोटो काढून टाकला तर एकही लाईक मिळणार नाही अशी जागा. सकाळी सातला पोहोचलो. पाटीवर स्पष्ट लिहिलेलं, चेक-इन दुपारी बारा. मी म्हटलं, झालं, आता पाच तास कुठं काढायचे?

मॅनेजर साठीच्या पुढचे, कोकणातले. त्यांनी काकूकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "दवाखान्याचं आहे का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मावशींना आत घ्या. खोली साफ व्हायला वेळ आहे, तोवर माझ्या ऑफिसातल्या कॉटवर पडू दे त्यांना. गरम पाणी पाठवतो." वर एक पैसा घेतला नाही. संध्याकाळी काकूला काही जाईना, तर खालच्या खानावळीतून मऊ भात करून आणवला. रजिस्टरमध्ये नाव लिहिताना त्यांनी स्वतःच सांगितलं, "पुढच्या वेळी तारीख मिळाली की आदल्या आठवड्यात फोन करा. तळमजल्याची खोली ठेवतो, जिना नको त्यांना."

काकू परत येताना रेल्वेत म्हणाली, "तेवढं गरम पाणी दिलं बघ त्या माणसानं. आपलं माणूस नाही, की काही नाही."

तिसरी खेप. तारीख अचानक मिळाली, तो लॉज भरलेला. दवाखान्याच्या जवळच एक नवीन हॉटेल सापडलं. चकाचक. लिफ्ट, टाइल्स, कार्डवर उघडणारं दार, पंधराशे रुपये. मी खूश. बिलही रीतसर, स्टाफ नम्र. रेटिंग द्यायचं असतं तर मी डोळे झाकून पाच तारे दिले असते.

रात्री लाइट गेली. लिफ्ट बंद. पाणी आणायला म्हणून जिन्यानं उतरायला गेलो तर जिन्यात गाद्यांची थप्पी, मोडक्या खुर्च्या, आणि खालच्या मजल्यावर दाराला कुलूप. परत वर आलो. खोलीत पाहिलं तर पडद्यामागं खिडकीच नव्हती. भिंतीला पडदा लावला होता. नुसता पडदा!

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवत होतं ते दिल्लीचं करोल बाग. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या एका हॉटेलला पहाटे आग लागली आणि १७ माणसं गेली. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्यात बडाबाजार भागातल्या हॉटेलात १४ गेली. दोन्ही ठिकाणी बरेच जण जाळानं नाही, धुरानं गुदमरून गेले. म्हणजे बाहेर पडायला वाट आणि श्वास घ्यायला खिडकी असती, तर त्यातले काही वाचले असते. मी लिफ्ट आणि टाइल्स बघून खूश झालो होतो. शेजारच्या कॉटवर काकू झोपली होती. तिला चार पायऱ्या चढायच्या तर दोनदा थांबावं लागतं.

सकाळी काउंटरवर सांगितलं. पोरगा हसून म्हणाला, "सर, आजपर्यंत काही झालं नाही."

चौथी खेप. परत जुना लॉज. मॅनेजरकाकांनी सांगितल्याप्रमाणे तळमजल्याची खोली ठेवली होती. आणि रात्री ढेकूण! काकूच्या हातावर गांधी उठल्या. सकाळी काकांना दाखवलं तर बिचारे खजील झाले. गादी बदलली, अर्धे पैसे परत केले. मी म्हटलं राहू द्या, पण त्यांनी ऐकलं नाही. काकू आजारी माणूस, तिला ढेकूण चावणं ही काय लहान गोष्ट नाही. चांगल्या माणसाच्या लॉजमध्येही गाद्या वेळेवर उन्हात पडत नाहीत, फवारणी होत नाही, हेही सांगितलंच पाहिजे.

घरी आल्यावर सहज म्हणून या तिन्ही ठिकाणांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचत बसलो. मजा बघा. त्या जुन्या लॉजला एकानं एक तारा दिलाय, कारण टीव्हीवर चॅनेल कमी. दुसऱ्यानं पाच तारे दिलेत, कारण आईला डायलिसिसनंतर रात्री दोनला टॅक्सी मिळवून दिली. दोघंही खरं बोलतायत. आणि त्या चकाचक हॉटेलला भरभरून तारे! स्वच्छ, स्टाफ चांगला, लोकेशन मस्त. कुलपाबद्दल एक अक्षर नाही. कारण लाइट गेल्याशिवाय जिना कोण बघतं?

मला इथंच आपली चूक दिसते. आपण चादरीला मार्क देतो, टीव्हीला देतो, नाश्त्याच्या पोह्याला देतो. ज्या गोष्टींवर जीव अवलंबून आहे, त्या आपल्या प्रश्नपत्रिकेतच नाहीत. स्वस्त हॉटेलात कोण उतरतं? हौस म्हणून फिरायला गेलेली माणसं थोडी. जास्त करून पेशंटचे नातेवाईक, परीक्षेची लेकरं, इंटरव्ह्यूला आलेली पोरं, कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी. या माणसाला दुसरा पर्याय नसतो. ज्याला पर्याय नसतो, त्याच्यासाठीच नियम लागतात. श्रीमंत माणूस हॉटेल आवडलं नाही तर दुसरीकडं जातो. आपण पायरीवर बसतो.

आता कुणी म्हणेल, नऊशे रुपयांत तुम्हाला ताज पाहिजे का? नाही. मला ताज नको. नऊशे रुपयांत कॉमन संडास चालेल, पंखा चालेल, रंग उडालेली भिंत चालेल. पण कबूल केलेला भाव, उघडणारं दार आणि माणुसकीची वागणूक यांचे वेगळे पैसे का द्यायचे?

हॉटेलवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्याच लातुरात माझा एक जुना वर्गमित्र लॉज चालवतो. त्याच्याशी तासभर बोललो. तो म्हणाला, "तू ॲपवर अकराशे भरतो, माझ्या हातात किती येतात ते विचार. कमिशन जातं, त्यांची सूट माझ्याच खिशातून जाते, आणि सीझनला ते भाव पाडून ठेवतात. मग काही जण काउंटरवर नाही म्हणतात. चूक आहे, पण कारण हे आहे." लाइट बिल व्यापारी दरानं. दोघं म्हणून खोली घेतात, रात्री पाच झोपतात. टॉवेल जातात, नळाच्या तोट्या जातात. दारू पिऊन ओकून जातात, वर एक तारा देऊन जातात. २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हाही त्यानं टँकर विकत घेऊन लॉज चालू ठेवला होता, हे मी डोळ्यानं पाहिलंय. तेव्हा सगळे लॉजवाले लुटारू, असं मी म्हणणार नाही.

पण मग त्यालाच मी विचारलं, "लातूर जिल्ह्याचं आधार कार्ड असलं तर तू खोली देतोस का?"

तो गप्प बसला.

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. दोन महिन्यांपूर्वी अहमदपूरकडच्या एका ताईंचा मला मेसेज आला होता. मुलीचा नीटचा पेपर लातुरात. सकाळी एसटी वेळेवर मिळेल याची खात्री नाही म्हणून आदल्या संध्याकाळीच मायलेकी आल्या. बसस्टँडजवळ तीन लॉज फिरल्या. पहिला म्हणाला, लोकल आधार चालत नाही. दुसरा म्हणाला, सोबत जेन्ट्स नाही का? तिसऱ्यानं दिली, पण दुप्पट भावात. उद्या जिचा आयुष्याचा पेपर आहे, ती पोरगी रात्री साडेनऊपर्यंत रस्त्यावर पिशव्या घेऊन फिरत होती. कुठं? ज्या लातूरचा पॅटर्न आपण महाराष्ट्राला छाती फुगवून सांगतो, त्या लातुरात!

स्थानिक माणसाला खोली देऊ नये, असा कुठलाही कायदा नाही. एकट्या बाईला देऊ नये, असाही नाही. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी खोली घेण्याला मनाई करणारा कायदाच नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ओळखपत्र बघा, रजिस्टरमध्ये नोंद करा, पोलिसांना माहिती द्या. ते त्यांचं कामच आहे आणि झालंच पाहिजे. पण "पोलिसांचा त्रास नको" म्हणून सरसकट लोकल माणसाला हाकलणं, हा कायदा नाही, ही सोय आहे. आणि त्या सोयीची किंमत मायलेकी मोजतात.

मित्र शेवटी म्हणाला, "खरंय तुझं. पण एकदा काही झालं की पेपरात माझ्या लॉजचं नाव येतं, पोलीस मलाच बसवून ठेवतात." हेही खरं आहे. म्हणूनच मी म्हणतो, हा प्रश्न एकट्या लॉजवाल्यानं सुटणार नाही. पोलीस आणि महापालिका यांनी एकदा बसून लेखी सांगावं, काय बघायचं आणि काय विचारायचं नाही. लेखी आदेश असला की लॉजवाल्यालाही आधार राहतो.

आता मागण्या. मुंबईसाठी मी काय करणार, माझा आवाज तिथं पोहोचणार नाही. पण लातूरच्या महापालिकेला आणि इथल्या लॉजमालकांच्या संघटनेला तरी सांगू शकतो ना?

१. आगीचं प्रमाणपत्र काउंटरवर लावा. महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. त्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. ते फाईलमध्ये कशाला? भिंतीवर लावा. देवाच्या फोटोशेजारी लावा, हरकत नाही.

२. भाव पाटीवर लिहा. परीक्षेच्या आदल्या दिवशी भाव वाढवायचा असेल, तर तोही आधी लिहा. तोंड बघून भाव सांगणं बंद.

३. दवाखान्याची फाईल किंवा परीक्षेचं हॉल तिकीट दाखवणाऱ्याला सकाळी लवकर टेकायला जागा द्या. खोली नाही, निदान एक बाकडं, एक संडास, एक बादली गरम पाणी. दादरच्या त्या मॅनेजरनं कुणाच्या आदेशावरून दिलं नव्हतं.

४. लोकल आधार आणि एकटी बाई या दोन कारणांवरून खोली नाकारणं बंद. परीक्षेच्या काळात तरी पालिकेनं आणि पोलिसांनी यावर लक्ष ठेवावं.

आणि आपण प्रवाशांनी काय करायचं? तेही लिहितो, कारण नुसतं दुसऱ्याला शहाणपण सांगून भागत नाही.

ॲपवर बुकिंग केलं तरी आदल्या दिवशी हॉटेलला स्वतः फोन करा आणि "बुकिंग मान्य आहे ना" हे मेसेजवर लिहून घ्या. आत गेल्यावर बॅग ठेवायच्या आधी दोन गोष्टी बघा, खिडकी उघडते का आणि जिना मोकळा आहे का. गादीचा कोपरा उचलून शिवण बघा, ढेकूण तिथं दिसतात. आधारची पूर्ण झेरॉक्स सगळीकडं वाटत फिरू नका. शेवटचे चार आकडेच दिसतील असं झाकलेलं आधार यूआयडीएआयच्या साइटवरून काढता येतं. वाहन परवाना किंवा मतदार कार्डही दाखवता येतं.

बिल घ्या, आणि जीएसटी लावला असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक आहे का बघा. नोंदणीच नसलेल्या लॉजला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जुलै २०२२ पर्यंत हा कर नव्हता, मग १२ टक्के लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के झालाय. अजूनही कुणी बारा लावत असेल तर विचारा.

फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मुंबईतल्या हॉटेलाविरुद्ध लातुरात. मी स्वतः पहिल्या खेपेच्या सातशे रुपयांसाठी १९१५ वर तक्रार नोंदवली. दीड महिना पाठपुरावा केला, पैसे परत आले. सातशे रुपयांसाठी एवढी खटपट कशाला, असं घरचे म्हणाले. पण पुढच्या पायरीवर बसलेल्या काकूसाठी कुणीतरी ती केलीच पाहिजे ना.

आणि रेटिंग द्या, पण नीट द्या. चादरीबद्दल एक ओळ, जिन्याबद्दल दोन ओळी. चांगला अनुभव आला तर तोही लिहा. रागावलेला माणूस लगेच लिहितो, समाधानी माणूस घरी जाऊन झोपतो. म्हणून चांगल्या मॅनेजरांचे तारे कमी असतात. त्या तिसऱ्या हॉटेलाबद्दल मी जिन्याच्या फोटोसकट लिहिलं. खाली चौघांनी लिहिलंय, "आम्ही पण राहिलो होतो, लक्षातच आलं नाही."

शेवटचं एक. हा गाडगेबाबांचा महाराष्ट्र आहे. ज्या माणसानं स्वतःच्या डोक्यावर छप्पर घेतलं नाही, त्यानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आजही कॅन्सरच्या पेशंटना आसरा देते. पण येणारी माणसं इतकी आहेत की तिथं नंबर लागत नाही आणि परळच्या फुटपाथवर फाईल उशाशी घेऊन माणसं झोपतात. ती आपलीच आहेत, लातूरची, नांदेडची, बीडची. परगावाहून आलेल्या माणसाला टेकायला जागा देणं हा धंदा आहेच, करा, पैसे घ्या. पण तो नुसता धंदा नाही, एवढं लक्षात ठेवा.

काकूची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मॅनेजरकाकांना फोन केला होता. म्हणाले, "या. गाद्या सगळ्या नवीन केल्यात. मावशींना सांगा."

तुमचे अनुभव खाली लिहा, चांगले-वाईट दोन्ही. लॉजचं नाव लिहिताना जे स्वतः पाहिलंय तेवढंच लिहा. ऐकीव नको. लातुरातल्या ज्या लॉजनी परीक्षेच्या वेळी मायलेकींना नीट खोली दिली, त्यांची नावं तर नक्की लिहा. पुढच्या परीक्षेआधी त्यांची यादी करून याच पेजवर टाकतो.